उंदीर मेला का, एवढंच विचारणारा कायदा

इंदूरमध्ये घराला वाळवी लागली की बोलावलेला माणूस जो डबा घेऊन येतो, त्यात बहुधा क्लोरपायरिफॉस २० ईसी, म्हणजे पाण्यात मिसळायचं वीस टक्क्यांचं कीटकनाशक असतं. डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन छापलेला असतो. त्याच्या वरच्या अर्ध्यात 'विष' असा शब्द, खालचा अर्धा पिवळा. ही खूण १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी ठरवून दिलेली आहे. तोंडावाटे दिल्यावर प्रयोगातले निम्मे उंदीर ज्या मात्रेने मरतात, ती मात्रा वजनाच्या दर किलोला १ ते ५० मिलिग्रॅम असेल तर लाल रंग, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५००० असेल तर निळा आणि त्याहून जास्त असेल तर हिरवा. शेतकरी, दुकानदार, पेस्ट कंट्रोलवाला आणि घरमालक सगळेच हा रंग पाहून औषधाची 'ताकद' जोखतात. हिरवा असला की हातमोजेसुद्धा घालत नाहीत.

हा रंग ज्या उंदरांवरून ठरतो ते पूर्ण वाढलेले असतात. त्यांना एकदाच औषध पाजतात, चौदा दिवस पाहतात आणि मेले किती ते मोजतात. जे जगले ते पुढे नीट शिकतात का, नव्या जागेला सरावतात का, त्यांच्या पिल्लांचा मेंदू नीट घडतो का, यातलं काहीही त्या रंगात येत नाही. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत प्राण्यांवर जे काम झालं आहे, त्यातून दिसतं की धोक्याचा मोठा भाग नेमका याच न मोजलेल्या जागेत आहे. म्हणून वाढत्या मेंदूची चाचणी झाल्याशिवाय, आणि तिचा निकाल लोकांसमोर ठेवल्याशिवाय, कुठलंही कीटकनाशक घरात, अंगणवाडीत किंवा प्रसूतिगृहात वापरू देऊ नये, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. शेताचा प्रश्न थोडा वेगळा आहे, त्याकडे पुढे येतो.

आधी मेंदूचं वेळापत्रक पाहू. मेंदू ठरलेल्या क्रमाने घडतो. पेशी जन्मतात, आपापल्या जागी सरकतात, त्यांना फांद्या फुटतात, जोडण्या होतात आणि मग नको त्या जोडण्या छाटल्या जातात. प्रत्येक कामाची एक वेळ असते. ती टळली की तेच काम पुन्हा करता येत नाही. उंदरात मेंदूच्या झपाट्याच्या वाढीचा काळ जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत येतो आणि दहाव्या दिवसाच्या आसपास तो शिगेला पोचतो. माणसात हाच काळ गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत सुरू होतो आणि पहिली दोन वर्षं तरी चालतो. म्हणून दहा दिवसांच्या उंदराच्या पिल्लावर जे घडतं, ते जन्माच्या आगेमागे असलेल्या बाळाच्या संदर्भात वाचलं जातं.

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात पेर एरिक्सन यांच्या गटाने १९९२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. उंदराच्या पिल्लांना डीडीटीचा एकच डोस दिला, दर किलोला अर्धा मिलिग्रॅम. मोठा उंदीर मरायला जेवढं डीडीटी लागतं, त्याच्या शंभराव्या भागाहूनही हे कमी. काही पिल्लांना तो तिसऱ्या दिवशी दिला, काहींना दहाव्या, काहींना एकोणिसाव्या. पिल्लं आजारी पडली नाहीत, वजनं नीट वाढली. मोठी झाल्यावर एकेकाला नव्या पिंजऱ्यात तासभर ठेवलं आणि हालचाल वीस-वीस मिनिटांच्या तीन टप्प्यांत नोंदवली.

वरकरणी ही चाचणी अगदी साधी वाटते. धडधाकट उंदीर नव्या पिंजऱ्यात आला की पहिली वीस मिनिटं सगळीकडे हुंगत फिरतो, मागच्या पायांवर उभा राहून कडा तपासतो. दुसऱ्या टप्प्यात फिरणं ओसरतं. तिसऱ्यात तो एका कोपऱ्यात अंग टाकतो, कारण जागा आता ओळखीची झाली. हे ओसरणं म्हणजेच शिकणं, तेही फार मूळ पातळीवरचं. दहाव्या दिवशी डोस मिळालेल्या उंदरांत ते ओसरलं नाही. शेवटच्या वीस मिनिटांतही ते नवी जागा असल्यासारखे फिरत राहिले. तिसऱ्या किंवा एकोणिसाव्या दिवशी डोस मिळालेल्यांत असं काही झालं नाही. मात्रा सारखी, रसायन सारखं, फक्त दिवस वेगळा. रंगाच्या खुणेत या 'दिवसाला' जागाच नाही.

आता पुन्हा क्लोरपायरिफॉसकडे येऊ. हे ऑर्गनोफॉस्फेट गटातलं, १९६५ पासून बाजारात असलेलं औषध. किडीत आणि माणसात ते एकाच तऱ्हेने काम करतं. मज्जातंतूंच्या सांध्यावर अ‍ॅसिटिलकोलिन नावाचा निरोप्या असतो. निरोप पोचला की त्याला मोडून टाकणारं एक एन्झाइम असतं. औषध त्या एन्झाइमला अडकवतं, निरोप थांबतच नाहीत आणि कीड आचके देऊन मरते. म्हणून बरीच वर्षं नियामकांचा हिशेब असा होता की एन्झाइम फारसं दबलं नाही तर नुकसानही नाही.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात थिओडोर स्लॉटकिन आणि एडवर्ड लेव्हिन यांनी हा हिशेब तपासला. उंदराच्या नवजात पिल्लांना पहिले चार दिवस दर किलोला १ मिलिग्रॅम औषध दिलं. एन्झाइम थोडंच दबलं आणि लवकर सावरलं. पिल्लं बाहेरून पूर्ण निरोगी होती. मोठी झाल्यावर त्यांना सोळा वाटांच्या चक्रव्यूहात सोडलं. मधे चौथरा, भोवती सोळा अरुंद वाटा, बारा वाटांच्या टोकाला खाऊ, चार कायम रिकाम्या. उंदराला दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात: आज कोणत्या वाटेवरचा खाऊ खाऊन झाला आणि कोणत्या वाटांवर तो कधीच नसतो. पहिली चूक म्हणजे तात्पुरती स्मृती कच्ची, दुसरी म्हणजे कायमची कच्ची. नर उंदीर साधारणपणे यात मादीपेक्षा कमी चुका करतात. औषध मिळालेल्या नरांच्या चुका वाढल्या, माद्यांच्या घटल्या आणि नर-मादीतला नेहमीचा फरक पुसला गेला. नुसती सरासरी काढली असती तर हे दिसलंच नसतं. पुढच्या कामात सेरोटोनिन या मेंदूतल्या दुसऱ्या निरोप्याच्या यंत्रणेतही कायमचे बदल सापडले, म्हणजे ज्या यंत्रणेशी त्या औषधाचा संबंध असेल असं कुणी धरलंच नव्हतं.

कारण असं की वाढत्या मेंदूत अ‍ॅसिटिलकोलिन निरोप पोचवतं, शिवाय कोणत्या पेशीने कधी थांबून फांद्या काढायच्या याचा इशाराही देतं. ते मोडणारं एन्झाइम पेशींच्या फांद्या लांबवण्यातही भाग घेतं. मोठ्या मेंदूत या यंत्रणेला तात्पुरता धक्का बसला तर ती सावरते. बांधकाम चालू असताना बसलेला धक्का बांधकामातच राहतो.

दुसरा मुद्दा शरीराच्या पचवण्याच्या ताकदीचा. क्लोरपायरिफॉसचं शरीरात तयार होणारं विषारी रूप मोडणारं पॅराऑक्सोनेज हे एन्झाइम नवजात बाळात मोठ्या माणसाच्या तुलनेत बरंच कमी असतं. उंदरांतही तसंच. १९९१ सालच्या एका अभ्यासात मोठे उंदीर दर किलोला २७९ मिलिग्रॅमपर्यंत इंजेक्शन सहन करत होते, सात दिवसांची पिल्लं फक्त ४५. त्याच औषधाला पिल्लं सहापट नाजूक. म्हणजे जिवंत राहण्याच्या हिशेबातसुद्धा डब्यावरचा पिवळा रंग मोठ्यांचाच आहे.

इथे अनेकजण म्हणतात की ऑर्गनोफॉस्फेट जुनी झाली, आता पायरेथ्रॉइड वापरतात, ती सुरक्षित. डासांच्या कॉइल, प्लगमधली लिक्विड, झुरळांचे स्प्रे, गुरांच्या गोचिडांवरची औषधं, बरीचशी याच गटातली किंवा याच गटाच्या आसपासची. मोठ्या सस्तन प्राण्याचं यकृत पायरेथ्रॉइड झपाट्याने मोडतं, हे खरं आहे. पिल्लाचं यकृत ते करू शकत नाही. डेल्टामेथ्रिनच्या बाबतीत १९९४ साली मोजलेला फरक असा: अकरा दिवसांची पिल्लं मोठ्या उंदरांपेक्षा सोळापट कमी मात्रेत मरतात, एकवीस दिवसांची सातपट कमी मात्रेत. आणि न मारणाऱ्या मात्रेचं काय? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात गाभण आणि पाजत्या उंदरिणींना दर तीन दिवसांनी दर किलोला ३ मिलिग्रॅम डेल्टामेथ्रिन दिलं. पिल्लं मोठी झाल्यावर जास्त चुळबुळी निघाली, तात्पुरती स्मृती कमी, घाईने चुकीचा प्रतिसाद देण्याकडे कल. नरांवर परिणाम ठळक होता. मेंदूतल्या डोपामिनच्या यंत्रणेत बदल होते आणि लक्ष न लागणाऱ्या मुलांना देतात त्या मेथिलफेनिडेटने ही चुळबूळ उतरली. ही एवढी साखळी एकत्र सापडते तेव्हा योगायोग म्हणून ती झटकता येत नाही.

निओनिकोटिनॉइड हा तिसरा गट. माळव्यात सोयाबीनच्या खोडमाशीसाठी या गटातल्या थायामेथोक्साम ३० एफएस या पातळ औषधाने दर किलो बियाण्याला १० मिलिलिटर या प्रमाणात बीजप्रक्रिया करतात. हाच गट मधमाश्यांना भोवतो, हे आता सर्वश्रुत आहे. कमी बोललं जातं ते पोळ्यातल्या अळ्यांबद्दल. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने २०२० साली भुंग्यासारख्या बंबलबीच्या वसाहतींना औषध मिसळलेलं खाद्य दिलं आणि माश्यांच्या मेंदूचं सूक्ष्म सीटी स्कॅन काढलं. अळी असताना औषध मिळालेल्या माश्या मोठ्या झाल्या तेव्हा त्यांच्या मेंदूतला शिकण्याशी जोडलेला भाग लहान राहिला होता आणि वास व साखर यांची सांगड घालायला त्या कमी शिकत होत्या. मोठेपणी त्यांना स्वच्छ खाद्य मिळूनही हे भरून निघालं नाही. मधमाशी, उंदीर आणि माणूस यांच्यात कोट्यवधी वर्षांचं अंतर आहे, पण मज्जातंतूंच्या सांध्याचे सुटे भाग बरेचसे तेच आहेत. किडीच्या मज्जासंस्थेवर नेम धरलेलं रसायन दुसऱ्या कुणाच्या मज्जासंस्थेला लागणारच नाही, असं गृहीत धरणं चूक आहे.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप प्रामाणिक आहे. त्याला उत्तर म्हणून माणसांवरचं काम बघावं लागतं, कारण मुलांवर असले प्रयोग कुणी करू शकत नाही आणि करूही नयेत. न्यूयॉर्कमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस गरीब वस्त्यांतल्या फ्लॅटमध्ये झुरळांसाठी क्लोरपायरिफॉस सर्रास मारलं जाई. कोलंबिया विद्यापीठाने तिथल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात ते मोजलं आणि मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. सातव्या वर्षी, नाळेत जास्त औषध सापडलेल्या मुलांची कार्यकारी स्मृती आणि बुद्ध्यंक कमी होता. २०१२ साली चाळीस मुलांच्या मेंदूचं एमआरआय प्रसिद्ध झालं, त्यात जास्त संपर्क आलेल्या वीस मुलांच्या मेंदूच्या पृष्ठभागाची ठेवण वेगळी होती. उंदरांत जसा नर-मादीतला फरक पुसला गेला होता, तसाच मुलगा-मुलगी यांच्या मेंदूतला नेहमीचा फरक काही भागांत विस्कटलेला होता. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात शेतमजूर आयांच्या लघवीत ऑर्गनोफॉस्फेटचे अंश मोजले. सर्वाधिक अंश असलेल्या पाचव्या हिश्श्यातल्या आयांची मुलं सात वर्षांची झाली तेव्हा सर्वांत कमी अंश असलेल्या हिश्श्याच्या तुलनेत बुद्ध्यंकात सात गुणांनी मागे होती. अशा अभ्यासांत गरिबी, शिसं, आहार असे गुंते असतातच. संशोधकांनी शक्य तेवढे हिशेबात धरले, सगळे धरता येत नाहीत. पण न्यूयॉर्कमध्ये आणखी एक गोष्ट घडली. घरगुती वापर २००१ पर्यंत बंद झाल्यावर नाळेतलं प्रमाण झपाट्याने उतरलं आणि कमी जन्मवजनाशी दिसणारा त्याचा संबंधही नव्या बाळांत दिसेनासा झाला.

भारतातही इशारा मिळाला होता. केरळच्या कासरगोडला काजूच्या बागांवर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं जाई. वासरं व्यंग घेऊन जन्मताहेत, हे गावकऱ्यांच्या नजरेत फार आधी आलं होतं. मुलांची तपासणी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केली ती वीसेक वर्षांनी, आणि सर्वोच्च न्यायालयाने देशभर बंदी घातली ती मे २०११ मध्ये. जनावरांची वागणूक आणि वाढ ही इशाऱ्याची घंटा धरून कुणी पद्धतशीर नोंद ठेवली असती, तर मधली वर्षं वाया गेली नसती.

मग चाचणी का होत नाही? ती अस्तित्वात आहे. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेची ४२६ क्रमांकाची पद्धत २००७ साली ठरली. गाभण उंदरिणीला सहाव्या दिवसापासून औषध द्यायचं, ते पिल्लं एकवीस दिवसांची होईपर्यंत. दर मात्रेला साधारण वीस वेती लागतात. मग हालचाल, आवाजाने दचकणं, शिकणं, स्मृती, मेंदूचं वजन आणि मेंदूच्या निरनिराळ्या भागांची जाडी. ही चाचणी जगात कुठेही प्रत्येक औषधाला सरसकट सक्तीची नाही. आधीच्या चाचण्यांत मज्जासंस्थेवर परिणामाची खूण दिसली तरच मागतात.

केली तरी ती बिघडवण्याच्या वाटा बऱ्याच आहेत आणि त्या माहीत असायला हव्यात. एका वेतातली आठ पिल्लं म्हणजे आठ स्वतंत्र प्राणी धरले तर आकडे फुगतात, कारण त्यांची आई एकच असते. हिशेब वेतांचाच करायला हवा. आई औषधाने आजारी पडून पिल्लांना नीट पाजत नसेल तर दिसणारा परिणाम उपासमारीचा असतो, म्हणून आईचं वजन रोज लागतं आणि शक्य असेल तिथे पिल्लं निरोगी दाईकडे द्यावी लागतात. उलट बाजूला, प्रयोगशाळेत गोंगाट असेल, हाताळणी वेडीवाकडी असेल, तपासणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे ठाऊक असेल, तर आकडे इतके विखुरतात की खरा परिणामही त्यात बुडून जातो आणि अहवालात 'लक्षणीय फरक नाही' असं छापलं जातं. यावर उपाय असा की त्याच प्रयोगशाळेने शिशासारख्या ओळखीच्या विषाचा परिणाम आपल्याला पकडता येतो, हे आधी दाखवावं.

आणि काही वेळा बिघाड हिशेबात नसतो, लपवण्यात असतो. क्लोरपायरिफॉसच्या उत्पादकाने नियामकांना दिलेल्या वाढत्या मेंदूच्या अभ्यासाचे कच्चे आकडे स्वीडन आणि डेन्मार्कशी जोडलेल्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली पुन्हा तपासले. सर्वांत कमी मात्रेतही पिल्लांच्या लहान मेंदूची उंची घटलेली होती आणि अहवालाच्या निष्कर्षात ते आलं नव्हतं. २०२३ साली त्यांच्यापैकी दोघांनी आणखी एक मोजणी मांडली: अमेरिकेत दाखल झालेल्या अशा ३५ अभ्यासांपैकी ९ युरोपीय नियामकांसमोर आलेच नव्हते. युरोपीय संघाने जानेवारी २०२० मध्ये क्लोरपायरिफॉसची मान्यता पुढे चालवायला नकार दिला. मे २०२५ मध्ये टिकाऊ विषारी रसायनांबद्दलच्या स्टॉकहोम कराराच्या सदस्य देशांनी ते, काही सवलती ठेवून, जगभर संपवायच्या यादीत घातलं.

आपल्याकडे १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे आणि फरिदाबादचं केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समिती आहे. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात क्लोरपायरिफॉस होतं. २०२३ साली अंतिम निर्णय झाला तेव्हा मोजक्याच औषधांवर पूर्ण बंदी आली आणि क्लोरपायरिफॉस चालू राहिलं. एकदा नोंदलेल्या औषधाचा नवा उत्पादक कायद्याच्या कलम ९(४) खाली तुलनेने सहज नोंदणी मिळवतो, त्याला विषशास्त्राची सगळी वाट पुन्हा चालावी लागत नाही. जुन्या औषधाचं जुनंच ज्ञान असं पिढ्यानपिढ्या पुढे सरकत राहतं. माझी पहिली मागणी इथे आहे. घरात आणि मुलांच्या जागी वापरायच्या प्रत्येक औषधाच्या नव्या-जुन्या नोंदणीला ४२६ किंवा तिच्या तोडीची चाचणी सक्तीची करावी, कच्चे आकडे मंडळाच्या संकेतस्थळावर ठेवावेत आणि चौकोनाखाली एक ओळ छापावी: वाढत्या मेंदूवर चाचणी झाली आहे की नाही. नसेल तर 'झालेली नाही' असं स्पष्ट.

आता इंदूरकडे. वाळवीच्या कामाची भारतीय मानक ६३१३ प्रमाणे रीत अशी: २० ईसीचं १ लिटर औषध १९ लिटर पाण्यात घालून १ टक्क्याचं द्रावण करायचं, फरशी आणि भिंतीच्या सांध्यात ३०० मिलिमीटर अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं पाडायची, प्रत्येकात जास्तीत जास्त एक लिटर सोडायचं आणि सिमेंटने बुजवायचं. प्रत्यक्षात काय होतं? 'जरा कडक करा' म्हटलं की मापाचा डबा बाजूला पडतो. भोकं कमी पाडून उरलेलं द्रावण पंपाने स्कर्टिंगवर, कपाटामागे, कधी थेट लाकडी पलंगाच्या पायांना मारलं जातं, कारण ते डोळ्यांना दिसतं आणि घरमालकाचं समाधान होतं. भोकं दोन दिवस उघडी राहतात. इथली काळी माती उन्हाळ्यात फाटते, जोत्याला तडे जातात आणि ओतलेलं द्रावण जायचं तिथे न जाता तड्यातून भलतीकडे उतरतं. आवारात बोअरवेल असेल तर काय होईल याचा विचार फार कमी जण करतात.

उघड्यावर ऊन, पाऊस आणि जंतू हे औषध काही आठवड्यांत बऱ्यापैकी मोडतात. घरात ऊन नसतं. ते धुळीला चिकटतं आणि महिनोन् महिने राहतं. न्यूजर्सीत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात असं दिसलं की खोलीत मारलेलं क्लोरपायरिफॉस हवेत उडून पुन्हा बसतं आणि मऊ खेळण्यांवर दोन आठवड्यांपर्यंत जमत राहतं, खेळणी फवारणीनंतर आत आणली तरीही. म्हणजे 'चार तास दारं-खिडक्या उघड्या ठेवा' हा सल्ला वास जाण्यापुरता आहे. रांगणारं मूल दिवसभर त्याच फरशीवर असतं, हात तोंडात घालतं, वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त श्वास घेतं. घरातलं कुत्र्याचं पिल्लू तर फरशी चाटतं. त्याचं हे वागणं बदललं, ते नको तिथे दचकायला लागलं, हाक मारल्यावर वळायचं थांबलं, तर कुणी ते फवारणीशी जोडून पाहत नाही.

यावर घरात करता येण्याजोगं बरंच आहे. झुरळांसाठी फवारणी बंद करून जेल लावावं, तेही बिजागरीच्या आत आणि सिंकखाली, ज्वारीच्या दाण्याएवढे ठिपके. रसायन तेवढ्या जागी राहतं, हवेत आणि फरशीवर येत नाही. वाळवीत आधी ओल शोधावी, कारण नळाची गळती आणि भिंतीला टेकलेली लाकडं तशीच राहिली तर औषध कितीही मारा, ती परत येते. सुटं लाकूड बोरेटने माखता येतं. औषध सोडावंच लागलं तर ते भोकातच जावं आणि भोकं त्याच दिवशी बुजावीत. गर्भवती आणि दोन वर्षांखालचं मूल असलेल्या घरात काम पुढे ढकलावं. क्लोरपायरिफॉसऐवजी इमिडाक्लोप्रिड हे निओनिकोटिनॉइड मारून घेतलं की प्रश्न मिटला असं धरू नये. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०१३ मध्येच म्हटलं होतं की अ‍ॅसिटामिप्रिड आणि इमिडाक्लोप्रिड वाढत्या मज्जासंस्थेवर परिणाम करू शकतात. वर्षाचा गहू भरताना आपल्याकडे एरंडेल लावतात. कोठीच्या खोलीत फवारणी करायची गरजच नाही. गाई-म्हशींना गोचिडाचं औषध लावताना पाजतं वासरू निदान आचळ धुवून होईपर्यंत वेगळं बांधावं.

डासांचं काय, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. डेंगी आणि मलेरिया गर्भवतीला आणि बाळाला आजच मारू शकतात. औषध लावलेली मच्छरदाणी आणि साथीच्या वस्तीत महापालिकेचं फॉगिंग यांना माझा विरोध नाही. मच्छरदाणीतून अंगात जाणारं प्रमाण अगदी कमी आणि मिळणारं रक्षण मोठं. विरोध आहे तो बंद खोलीत बाळाच्या उशाशी रात्रभर जळणाऱ्या कॉइलला, तेही मच्छरदाणी विकत घेता येत असताना.

शेताबाबत मी एवढ्या ठामपणे 'बंद करा' म्हणणार नाही. इंदूरजवळच्या देपालपूर-सांवेरकडच्या शेतकऱ्याला गव्हाच्या वाळवीसाठी क्लोरपायरिफॉस स्वस्त पडतं आणि ते उद्या काढून घेतलं तर त्याच्या हातात त्याच तोडीचं काही नाही. तिथे मागणी क्रमाने व्हायला हवी: आधी घरगुती आणि इमारतींचा वापर बंद, मग भाज्यांवरचा, शेवटी बीजप्रक्रियेचा, आणि दर टप्प्याला पर्याय व त्याचं अनुदान आधी. बीजप्रक्रिया घराच्या ओसरीवर आणि स्वयंपाकाच्या घमेल्यात होते, गर्भवती सून ती हातांनी कालवते. हे मात्र या हंगामापासून थांबवता येण्यासारखं आहे. सहकारी संस्थेत हाताने फिरवायचा एक ड्रम ठेवला तरी पुरे.

बाकी काम स्थानिक आहे आणि त्यासाठी दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. महापालिकेने शाळा, अंगणवाड्या आणि प्रसूतिगृहांच्या पेस्ट कंट्रोलच्या निविदांत एक अट घालावी: फवारणी नाही, जेल आणि आमिषच, अपवाद करायचा झाला तर ४८ तास आधी दारावर औषधाचं नाव, प्रमाण आणि जागा लिहून लावायची. परवाना देणाऱ्या कृषी विभागाने पेस्ट कंट्रोलवाल्याला मापाचा डबा आणि कामाची वही सक्तीची करावी.

शेवटचं काम संशोधनाचं. इंदूरच्या एकाच जिल्ह्यात एमजीएम वैद्यकीय महाविद्यालय आहे, महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे आणि अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ नंतर कंपोस्टची 'इंदूर पद्धत' ज्या संस्थेत घडवली तिचा वारसा सांगणारं कृषी महाविद्यालयही आहे. क्लोरपायरिफॉसचा शरीरात होणारा टीसीपी हा अंश लघवीत मोजता येतो. शहर, सांवेर आणि महू या तीन ठिकाणच्या गर्भवतींची नोंदणी करावी, लघवीचे नमुने गर्भारपणात दोनदा आणि बाळंतपणात नाळेचं रक्त घ्यावं, घरातली फवारणी आणि शेतातलं काम यांची साधी प्रश्नावली भरून घ्यावी आणि मुलांची दुसऱ्या व सातव्या वर्षी वाढ तपासावी. त्याच घरांतल्या वासरांची आणि कुत्र्याच्या पिल्लांची वाढ आणि वागणूक महूच्या विद्यार्थ्यांनी एका ठरावीक तक्त्यात नोंदवावी: किती दिवसांत उभं राहिलं, आचळ स्वतः शोधलं का, ओळखीच्या गोठ्यात सोडल्यावर किती वेळात शांत झालं. नमुने उणे ऐंशी अंशांवर ठेवायची सोय आधी करावी, नाहीतर पहिल्या उन्हाळ्यातच ते वाया जातात.